पगाराचे सॉफ्टवेअर गुगलवर सापडावे म्हणून : नाशिकमधून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पगाराचे सॉफ्टवेअर तयार करणाऱ्या किंवा विकणाऱ्या नाशिकमधल्या लहान-मध्यम कंपन्यांकडून आमच्याकडे जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते येथे एकत्र केले आहेत. आधी प्राथमिक प्रश्न आहेत आणि नंतर अडचणीचे व अपवादाचे. एखाद्या मुद्द्याचे उत्तर दुसरीकडे आले असेल, तर तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. आमचे सॉफ्टवेअर उत्तम आहे, ग्राहक समाधानी आहेत, पण गुगलवर आम्ही दिसतच नाही. सुरुवात कोठून करावी?

'दिसत नाही' या तक्रारीचे दोन अर्थ होतात आणि दोन्हींवरचा उपाय वेगळा असतो. एक तर गुगलने तुमचे पान आपल्या नोंदीत घेतलेलेच नसते, किंवा नोंद झालेली असते पण पान फार मागे पडलेले असते. गुगल सर्च कन्सोल ही मोफत सेवा आहे. तेथे संकेतस्थळाची मालकी सिद्ध करा आणि महत्त्वाच्या प्रत्येक पानाचा पत्ता तपासणीच्या चौकटीत टाका. पान नोंदलेले आहे की नाही, आणि नसेल तर कोणत्या कारणाने, हे तेथे कळते.

नोंद न होण्याचे आम्हाला सर्वाधिक वेळा सापडणारे कारण अगदी साधे असते. संकेतस्थळ तयार होत असताना डेव्हलपरने लावलेली 'नोइंडेक्स' (हे पान नोंदवू नका) ही सूचना पाने सुरू झाल्यावर काढायची राहून जाते. त्याखालोखाल अशी पाने येतात, ज्यांचा सगळा मजकूर जावास्क्रिप्ट चालल्यावरच उमटतो आणि गुगलच्या हाती आधी रिकामी चौकट लागते. या दोन गोष्टी तपासल्याशिवाय लेख, लिंक किंवा जाहिरात यांवर एक रुपयाही खर्च करू नये.

२. 'पेरोल सॉफ्टवेअर' या शब्दावर पहिल्या पानावर यायला किती महिने लागतील?

या एका शब्दावर नाशिकच्या नव्या कंपनीने पहिल्या पानाची आशा धरू नये, असे आम्ही स्पष्ट सांगतो. तेथे देशभर व्यवसाय करणारे मोठे ब्रँड आणि दहा-दहा सॉफ्टवेअरची तुलना करणारी संकेतस्थळे वर्षानुवर्षे बसलेली आहेत. सुधारणा केल्यापासून फायदा दिसेपर्यंत साधारण चार महिने ते एक वर्ष लागते, असे गुगलनेच सांगितले आहे आणि आमचा अनुभवही त्याच्याशी जुळतो. हा काळ अधिक नेमक्या शब्दांवर घालवला, तर तो वाया जात नाही. 'तीन महिन्यांत पहिला क्रमांक, लेखी हमी' असे सांगणाऱ्याला नम्रपणे नकार द्यावा, कारण क्रमांकाची हमी देणे कोणाच्याही हातात नसते.

३. मग आम्ही कोणते शब्द धरावेत?

कीवर्ड शोधण्याची साधने नंतर उघडा. आधी तुमच्या सपोर्ट विभागातल्या फोनची वही घ्या आणि गेल्या वर्षभरात ग्राहकांनी काय काय विचारले, ते त्यांच्याच शब्दांत उतरवून काढा.

सातपूरच्या एका कारखान्यात लेखापालांच्या टेबलाशेजारी बसून पाहिलेला प्रसंग सांगतो. महिन्याची १३ तारीख होती आणि पीएफचे चलन १५ तारखेपर्यंत भरायचे होते. ईसीआरची, म्हणजे पीएफच्या मासिक विवरणाची, फाइल पोर्टल स्वीकारत नव्हते, कारण चार कामगारांची नावे यूएएनवरच्या (कामगाराच्या कायम पीएफ क्रमांकावरच्या) नावांशी जुळत नव्हती. त्यांनी मोबाइल उचलला आणि पडद्यावरचा त्रुटीचा संदेश जसाच्या तसा, रोमन लिपीत, गुगलवर टाइप केला. पहिले पान उघडले, तर त्यात तीन परिच्छेदभर पीएफची महती होती. ते बंद केले. दुसऱ्या पानात पहिल्या चार ओळींत कारण आणि उपाय होता. तो त्यांनी लगेच करून पाहिला आणि काम झाल्यावर त्या पानाच्या तळाशी कंपनीचे नाव कोणते आहे, हेही पाहिले. 'सर्वोत्तम पेरोल सॉफ्टवेअर' असे त्या दिवशी तेथे कोणीही शोधले नाही.

म्हणून तुमच्या शब्दांची यादी पगाराच्या दिनदर्शिकेवरून तयार व्हावी. टीडीएस भरण्याची ७ तारीख, पीएफ आणि ईएसआय (कामगार राज्य विमा) यांची १५ तारीख, फेब्रुवारीत व्यवसाय कराचे २०० ऐवजी ३०० रुपये का कापले गेले, जून आणि डिसेंबरमधली कामगार कल्याण निधीची कपात, दिवाळीआधी बोनसची आकडेमोड, हे सगळे शोध दरवर्षी ठरलेल्या वेळी येतात. त्या त्या विषयाचे पान निदान दोन महिने आधी तयार असावे, कारण ऐन तारखेला लिहिलेले पान गुगलच्या नोंदीत येईपर्यंत ती तारीख उलटून गेलेली असते.

दुसरा थर उद्योगांचा आहे आणि नाशिकमध्ये तो फार समृद्ध आहे. अंबडच्या कारखान्यांतले कंत्राटी कामगार आणि तीन पाळ्यांचा ओव्हरटाइम, दिंडोरी-निफाडकडच्या द्राक्षांच्या पॅकहाउसमधले हंगामी मजूर, सुरक्षारक्षक पुरवणाऱ्या एजन्सी, २०२७ च्या सिंहस्थाच्या कामांसाठी मनुष्यबळ लावणारे कंत्राटदार, या प्रत्येकाची हजेरीची आणि पगाराची अडचण वेगळी असते. 'कंत्राटदारासाठी साइटनिहाय हजेरी आणि पगारपत्रक' या विषयावर महिन्याला मोजकेच लोक येतील, पण जे येतील त्यांना खरोखरच सॉफ्टवेअर हवे असते. आमच्या मते लहान कंपनीने आपली निम्मी मेहनत याच थरावर घालावी.

४. पाने मराठीत लिहावीत की इंग्रजीत?

कारखान्याचा मालक आणि एचआर व्यवस्थापक बहुधा इंग्रजीत शोधतात. लेखापाल, टाइम ऑफिसमधले (हजेरी ठेवणाऱ्या विभागातले) कर्मचारी आणि स्वतः कामगार मराठीत शोधतात, पण अनेकदा रोमन अक्षरांत. त्यामुळे विक्रीची पाने इंग्रजीत आणि अडचण सोडवणारी पाने दोन्ही भाषांत, अशी विभागणी बहुतेकांना सोयीची पडते. दोन भाषांना दोन स्वतंत्र पत्ते द्यावेत आणि 'एचरेफलँग' या खुणेने ती एकाच मजकुराची रूपे आहेत, हे गुगलला सांगावे. एकाच पानावर अर्धे मराठी आणि अर्धे इंग्रजी ठेवू नये.

मराठी पान मराठीतच विचार करून लिहावे. यंत्राने केलेल्या भाषांतरात 'ग्रॉस'चे 'ढोबळ' आणि 'डिडक्शन'चे 'वजाकरण' झालेले आम्ही पाहिले आहे. सातपूरमधला माणूस 'कपात' म्हणतो आणि हातात पडणाऱ्या रकमेला 'इनहँड' म्हणतो. तेच शब्द पानावर असावेत.

शहराच्या नावाची एक बारीक गोष्टही येथेच सांगून ठेवतो. रोमन लिपीत आपल्या शहराचे नाव मधल्या 'एच'सह आणि त्याच्याशिवाय, असे दोन्ही प्रकारे लिहिले जाते. गुगल हे दोन्ही एकच समजते, त्यामुळे त्यासाठी दोन पाने करण्याची गरज नाही.

५. व्यवसाय कर, पीएफ, श्रम संहिता यांचे नियम बदलत राहतात. आमची जुनी पाने ठेवावीत, काढावीत की नवी लिहावीत?

पगाराच्या क्षेत्रात हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे आणि त्याच्याकडेच सर्वांत कमी लक्ष दिले जाते. पगार, कर आणि निवृत्तीची बचत हे विषय लोकांच्या पैशाशी थेट जोडलेले असल्यामुळे अशा मजकुराची विश्वासार्हता गुगल अधिक कडकपणे पाहते. चुकीचा दर सांगणारे पान तुमचा क्रमांक घालवते, आणि त्यावर विसंबून कोणी कमी चलन भरले, तर त्याला व्याज आणि दंडही भरावा लागतो.

रीत अशी ठेवा. एका विषयाला एकच कायमचा पत्ता द्या आणि पत्त्यात वर्ष घालू नका. नियम बदलला की त्याच पानावर मजकूर बदला, सुरुवातीला 'अमुक तारखेपासून लागू' असे लिहा आणि जुना दर खाली एका छोट्या तक्त्यात ठेवा, कारण थकबाकी काढताना जुन्या दराची गरज पडतेच. महाराष्ट्रातला व्यवसाय कर हे चांगले उदाहरण आहे. १ एप्रिल २०२३ पासून महिन्याला २५,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या महिलांना या करातून सूट मिळाली. ही सूट न सांगणारी पाने त्यानंतरही किती तरी दिवस शोधनिकालांत वर होती, आणि ज्यांनी आपले जुने पान वेळेवर सुधारले, त्यांना ती जागा घेण्याची संधी होती.

२१ नोव्हेंबर २०२५ रोजी जुन्या कामगार कायद्यांच्या जागी चार श्रम संहिता लागू झाल्या आणि वेतनाची व्याख्याच बदलली. वेतनातून वगळता येणारे भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक झाले, तर वरची रक्कम वेतनात धरली जाते. ग्रॅच्युइटी, बोनस, ओव्हरटाइम यांवरची तुमची जी जी पाने १९६५ च्या बोनस कायद्याचा किंवा १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्याचा चालू कायदा म्हणून उल्लेख करतात, ती एकेक करून तपासावी लागतील. हे काम कंटाळवाणे आहे आणि म्हणूनच बहुतेक स्पर्धक ते करणार नाहीत.

केवळ पानावरची तारीख बदलून मजकूर तसाच ठेवणे हा वाचकाचा विश्वासघात आहे. तसे करू नये.

६. पगार किंवा पीएफ मोजण्याचा कॅल्क्युलेटर ठेवल्याने खरोखर उपयोग होतो का?

होतो, आणि लेखापेक्षा अनेकदा जास्त होतो, कारण लोक कॅल्क्युलेटरकडे पुन्हा येतात आणि दुसऱ्यांना त्याची लिंक पाठवतात. मात्र उत्तर कसे आले हे पानावर मजकुरात दिसले पाहिजे. उदाहरणार्थ, १५,००० रुपयांच्या पीएफ वेतनावर कामगाराचे १२ टक्के म्हणजे १,८०० रुपये कापले जातात. मालकाच्या तेवढ्याच रकमेतून वेतनाचे ८.३३ टक्के, म्हणजे १,२५० रुपये, पेन्शन योजनेत आणि उरलेले ५५० पीएफ खात्यात जातात. ईएसआयसाठी १८,००० रुपयांच्या वेतनावर कामगाराचे ०.७५ टक्के म्हणजे १३५ रुपये आणि मालकाचे ३.२५ टक्के म्हणजे ५८५ रुपये होतात. अशी फोड कॅल्क्युलेटरखाली लिहिलेली असेल, तर गुगललाही वाचायला काही मिळते आणि वाचकालाही पडताळा घेता येतो. निकाल दाखवण्याआधी मोबाइल क्रमांक मागणे मात्र टाळा. तेथून माणूस परत जातो.

७. गुगल मॅपवर सातपूर, अंबड आणि सिन्नर अशा तीन ठिकाणी नोंद करावी का?

तीनही ठिकाणी तुमचे कार्यालय असेल आणि कामाच्या वेळेत तेथे तुमचा माणूस बसत असेल, तरच करावी. मित्राच्या गाळ्याचा पत्ता किंवा नावापुरते घेतलेले व्हर्च्युअल ऑफिस दाखवून केलेली नोंद गुगलच्या नियमात बसत नाही आणि ती निलंबित झाली, तर मूळ नोंदीलाही त्रास होऊ शकतो. एकच कार्यालय असेल, तर एकच बिझनेस प्रोफाइल ठेवा आणि सेवा देण्याच्या परिसरात बाकीची ठिकाणे घाला. नाव फलकावर आहे तेवढेच लिहा, त्यात 'नाशिकमधील नंबर एक पेरोल' जोडू नका. स्थानिक निकाल ठरवताना गुगल तीन गोष्टी पाहते : शोधाशी मेळ, शोधणाऱ्यापासूनचे अंतर आणि व्यवसायाची प्रसिद्धी. अंतर तुमच्या हातात नाही, म्हणून उरलेल्या दोहोंवर काम करावे. ग्राहकाकडे अभिप्राय जरूर मागावा, पण सवलत किंवा भेटवस्तूच्या बदल्यात मागू नये.

८. प्रत्येक शहरासाठी एक पान केले तर? नाशिक, पुणे, जळगाव, धुळे, अहिल्यानगर...

फक्त शहराचे नाव बदलून छापलेली पाने गुगलच्या भाषेत 'डोअरवे' ठरतात आणि ती संकेतस्थळाच्या मुळावर येतात. ज्या शहराविषयी तुमच्याकडे सांगण्यासारखे वेगळे काही आहे, त्याच शहराचे पान करावे : तेथील ग्राहकाचा त्याच्या परवानगीने दिलेला अनुभव, तेथे प्रत्यक्ष येऊन प्रशिक्षण देण्याची व्यवस्था, तेथील उद्योगांच्या विशिष्ट गरजा. राज्यनिहाय पाने मात्र बहुधा योग्य ठरतात, कारण व्यवसाय कर आणि कामगार कल्याण निधी राज्यागणिक बदलतात.

९. लेख एआयकडून लिहून घेतले तर गुगल शिक्षा करते का?

लेख कोणी लिहिला यापेक्षा तो कशासाठी आणि किती काळजीने लिहिला, याला महत्त्व आहे. मार्च २०२४ मध्ये गुगलने आपल्या स्पॅमविषयक धोरणात एक भर घातली : केवळ क्रमांक मिळवण्यासाठी मोठ्या संख्येने तयार केलेला निरुपयोगी मजकूर नियमबाह्य आहे, मग तो यंत्राने लिहिलेला असो वा माणसाने. आमची खरी चिंता दुसरी आहे. एआय जुना दर अत्यंत आत्मविश्वासाने लिहिते. त्यामुळे कच्चा मसुदा कोणीही केला, तरी प्रत्येक आकडा पगार प्रत्यक्ष काढणाऱ्या माणसाने तपासावा आणि त्याचे नाव व अनुभव पानावर द्यावा.

१०. हजार रुपयांत दुसऱ्या संकेतस्थळांवरून आपल्याकडे येणाऱ्या शंभर लिंक मिळतात. घ्याव्यात का?

घेऊ नयेत. पैसे देऊन मिळालेल्या लिंकवर 'स्पॉन्सर्ड' किंवा 'नोफॉलो' ही खूण असावी, असा गुगलचा नियम आहे, आणि ती खूण नसलेल्या लिंक पकडल्या गेल्या तर त्यांचा उपयोग शून्य होतो किंवा उलट नुकसान होते. निमा आणि आयमा या आपल्या उद्योजक संघटनांच्या सदस्य सूचीत नोंद, करसल्लागारांसाठी घेतलेली कार्यशाळा, महाविद्यालयातल्या वाणिज्य शाखेला दिलेला सरावाचा मजकूर, यांतून येणाऱ्या पाच लिंक पुरेशा मोलाच्या असतात. प्रश्न ६ मधला कॅल्क्युलेटरही हेच काम करतो.

११. संकेतस्थळाचा वेग किती असावा?

मुख्य मजकूर २.५ सेकंदांत दिसावा, बटण दाबल्यावर प्रतिसाद २०० मिलिसेकंदांत यावा आणि पान वाचताना मजकूर खालीवर सरकू नये. मोबाइलवर तपासा, कारण गुगल मोबाइलचेच रूप मोजते. मुखपृष्ठावर आपोआप सुरू होणारा डेमोचा व्हिडिओ बहुतेकदा दोषी निघतो.

१२. प्रश्नोत्तरांना स्कीमा (मजकुराचा प्रकार गुगलला सांगणारी खूण) लावला, तरी गुगलवर ती उघडझाप होणारी प्रश्नांची यादी दिसत नाही. काय चुकले?

काही चुकलेले नाही. ऑगस्ट २०२३ पासून गुगलने ती सजावट नामांकित सरकारी आणि आरोग्यविषयक संकेतस्थळांपुरती मर्यादित केली. प्रश्नोत्तरे वाचकासाठी ठेवा आणि सजावटीची वाट पाहू नका.

१३. ग्राहकाच्या कामगाराची पगारपट्टी गुगलवर सापडली. आता काय करावे?

हा प्रश्न आमच्याकडे आला, तेव्हा आम्ही सगळी कामे बाजूला ठेवली होती. एका कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये पगारपट्टीची पीडीएफ लॉगिनशिवाय, केवळ पत्ता माहीत असेल तर उघडत असे. कोणीतरी तो पत्ता एका सार्वजनिक ठिकाणी चिकटवला, गुगल तेथून आत पोहोचले आणि नाव, यूएएन, बँक खात्याचे शेवटचे आकडे यांसह पट्ट्या शोधात दिसू लागल्या.

पहिले काम, त्या फाइलींवर लॉगिनची सक्ती करा. तोपर्यंत बाकी सर्व उपाय वरवरचे आहेत. दुसरे, सर्च कन्सोलमधल्या काढून टाकण्याच्या साधनातून ते पत्ते लगेच लपवा. हा उपाय सुमारे सहा महिनेच टिकतो, म्हणून पहिले काम आधी सांगितले. तिसरे, ग्राहकाला त्याच दिवशी लेखी कळवा आणि वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी झालेल्या २०२३ च्या कायद्यानुसार आपली जबाबदारी काय आहे, हे वकिलाकडून समजून घ्या.

येथे बहुतेक जण एक चूक करतात. घाईघाईने रोबोट्स फाइलमध्ये, म्हणजे कोठे जाऊ नये हे गुगलला सांगणाऱ्या फाइलमध्ये, तो विभाग बंद करतात. त्यामुळे गुगल त्या पानांवर पुन्हा जाऊच शकत नाही, तेथे लावलेली 'नोइंडेक्स' सूचना त्याला वाचता येत नाही आणि पत्ता नोंदीत तसाच राहू शकतो. शिवाय ही फाइल कोणालाही उघडून वाचता येते, म्हणजे खाजगी विभाग कोठे आहे हे आपणच जाहीर करतो.

१४. नवे संकेतस्थळ सुरू केले आणि आठवड्यात भेटी निम्म्यावर आल्या. जुने परत आणावे का?

आधी जुन्या पत्त्यांची यादी काढा. रचना बदलताना पत्ते बदलतात आणि जुन्यावरून नव्यावर नेणारे कायमचे ३०१ पुनर्निर्देशन लावायचे राहते, हेच कारण बहुधा असते. प्रत्येक जुने पान त्याच विषयाच्या नव्या पानाकडे न्या. सगळीच मुखपृष्ठाकडे वळवली, तर गुगल ती नाहीशी झाली असेच समजते. ही व्यवस्था निदान एक वर्ष तरी ठेवावी.

१५. आमच्याकडे महिन्याला हजारो लोक गुगलवरून येतात, पण डेमोची मागणी दोन-चारच. असे का?

पगाराच्या सॉफ्टवेअरमध्ये ही फसवी स्थिती वारंवार येते. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात तुमच्या ग्राहकांचे कामगार पगारपट्टी पाहण्यासाठी तुमचे नाव आणि पुढे 'लॉगिन' असे गुगलवर टाइप करतात. पाचशे कामगारांचा एक कारखाना ग्राहक झाला की भेटींचा आलेख उसळतो. जूनमध्ये फॉर्म १६ साठी तो पुन्हा उसळतो. त्यांतला कोणीही खरेदीदार नसतो.

म्हणून सर्च कन्सोलमध्ये आपल्या नावाचा अंतर्भाव असलेले शोध वगळून उरलेलेच मोजा आणि मागच्या महिन्याशी नव्हे, तर मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी तुलना करा. तेथे १६ महिन्यांची माहिती मिळते, ती एवढ्यासाठी पुरते. अलीकडे शोधाच्या माथ्यावर एआयने तयार केलेले उत्तर येऊ लागल्यापासून 'पीएफचा दर किती' अशा प्रश्नांवर पान दिसते पण त्यावर कोणी येत नाही, हेही लक्षात घ्यावे. त्रुटी सोडवणारी, हिशेब करून देणारी आणि उद्योगनिहाय पाने (प्रश्न ३ आणि ६) या बदलात अधिक तग धरून आहेत. कामगारांच्या लॉगिनचा दुवा मात्र मुखपृष्ठावर ठळक ठेवा. पगाराच्या दिवशी तो न सापडलेला कामगार टाइम ऑफिसमध्ये जातो, तेथून फोन तुमच्या सपोर्टकडे येतो, आणि त्या कारखान्याने तुमच्या सॉफ्टवेअरच्या कराराचे नूतनीकरण करायचे की नाही, हे टाइम ऑफिसलाही विचारले जाते.